मधुमेही रुग्णांची औषधचिठ्ठी आणि फार्मासिस्टचे साहाय्य

(रुग्णालयाच्या वार्षिक सर्वसाधारण सभेत प्रशासनाच्या वतीने केलेल्या भाषणाचा मजकूर)



प्रशासनाच्या वतीने आम्ही दरवर्षी या सभेपुढे जमाखर्चाचा गोषवारा मांडतो. किती खाटा भरल्या, किती शस्त्रक्रिया झाल्या, कोणते नवे यंत्र आले, ही सारी माहिती याही वर्षी अहवालाच्या पुढील पानांवर छापलेली आहे आणि ती आपण सवडीने पाहालच. आज मात्र अध्यक्ष महोदयांच्या अनुमतीने आम्ही अशा एका कामाविषयी बोलणार आहोत, ज्याची उत्पन्न-खर्च पत्रकात खर्चाच्या बाजूस नोंद आहे, परंतु उत्पन्नाच्या बाजूस एक ओळही नाही. आपल्या मधुमेह बाह्यरुग्ण विभागात गेली काही वर्षे एक फार्मासिस्ट औषधांच्या खिडकीवर न बसता डॉक्टरांच्या शेजारच्या टेबलावर बसतात. त्या काय करतात, कशासाठी करतात आणि त्यांच्या वेतनाचा भार संस्थेने का उचलावा, हे आपणांस सांगणे आम्ही आमचे कर्तव्य समजतो.

प्रथम प्रश्नाचा आवाका लक्षात घेऊ. भारतीय आयुर्विज्ञान अनुसंधान परिषदेच्या साहाय्याने झालेल्या देशव्यापी पाहणीचे निष्कर्ष २०२३ साली प्रसिद्ध झाले. त्यांनुसार आपल्या देशात सुमारे १० कोटी १० लाख लोकांना मधुमेह आहे, म्हणजे प्रौढांपैकी शंभरात अकराहून अधिक जणांना. आणखी १३ कोटी ६० लाख लोक त्याच्या उंबरठ्यावर उभे आहेत. हा आजार एकदा जडला की सहसा आयुष्यभराचा सोबती होतो आणि बहुधा एकटा राहत नाही. रक्तदाब, हृदयविकार, मूत्रपिंडाची दुर्बलता, डोळ्यांचे व पायांचे विकार हे त्याचे सगेसोयरे. मधुमेहाचे डॉक्टर, हृदयाचे डॉक्टर, डोळ्यांचे डॉक्टर, गावातले कुटुंबाचे डॉक्टर असे चार ठिकाणचे चार कागद एकाच रुग्णाच्या पिशवीत असतात. प्रत्येक कागद आपल्या जागी योग्य असतो. ते चारही कागद एकत्र ठेवून वाचायचे काम मात्र कोणाचेच नसते.

गर्दीच्या दिवशी आपल्या डॉक्टरांना एका रुग्णामागे मिळणारी मिनिटे मोजकी असतात. तेवढ्यात तक्रार ऐकायची, पाय तपासायचे, अहवाल पाहायचे आणि चिठ्ठी लिहायची. त्यांच्या कौशल्याविषयी येथे प्रश्नच नाही. प्रश्न आहे तो हा, की डॉक्टरांना चिठ्ठीवरचे औषध दिसते, रुग्णाच्या पोटात प्रत्यक्ष गेलेले औषध दिसत नाही. साखर वाढलेली दिसली की औषध अपुरे पडते आहे असाच निष्कर्ष साहजिकपणे निघतो आणि मात्रा वाढते किंवा नवी गोळी येते. परंतु पैशांच्या ओढाताणीमुळे रुग्ण महिन्याच्या गोळ्या दोन महिने पुरवीत असेल, तर? उन्हाळ्यात वीज गेल्यावर इन्सुलिनची बाटली तापून तिची शक्ती उणावली असेल, तर? वर्षानुवर्षे पोटावर एकाच जागी टोचल्याने तेथे गाठ झाली असेल आणि इन्सुलिन नीट शोषले जात नसेल, तर? अशा रुग्णाची मात्रा वाढविणे निरुपयोगी आहेच, शिवाय धोक्याचेही आहे. कारण पुढे तोच रुग्ण नवी बाटली आणतो, किंवा जागा बदलून टोचतो, किंवा रुग्णालयात दाखल झाल्यावर परिचारिकेच्या हातून सगळ्या गोळ्या वेळच्या वेळी घेतो, आणि वाढविलेल्या मात्रेने त्याची साखर एकाएकी उतरते.

हे प्रश्न विचारायला वेळ लागतो, आणि तो वेळ देण्यासाठी आपल्या फार्मासिस्टचे टेबल आहे. कामाची पद्धत साधी आहे. रुग्ण डॉक्टरांकडे जाण्यापूर्वी आपली औषधांची पिशवी या टेबलावर रिकामी करतो. प्रत्येक पाकीट पाहिले जाते. त्यातले मूळ औषध कोणते, मात्रा किती, कोणी दिले, केव्हापासून, किती गोळ्या उरल्या, हे एका तक्त्यात उतरते. मागील चिठ्ठीची तारीख आणि उरलेल्या गोळ्या यांचा मेळ घातला की औषध नियमित घेतले की नाही हे कळते. आम्ही वाणिज्य शाखेचे पदवीधर. आम्हांला हा प्रकार आमच्या मालसाठ्याच्या मोजणीसारखा वाटला आणि म्हणूनच चटकन पटला. त्यानंतर मूत्रपिंडाचे अलीकडचे अहवाल पाहून, काही शंका असल्यास फार्मासिस्ट एका पिवळ्या कागदावर तीन गोष्टी लिहितात: काय आढळले, त्याचे महत्त्व काय, आणि सूचना कोणती. हा पिवळा कागद केसपेपरला जोडून डॉक्टरांपुढे जातो. कागदाच्या तळाशी डॉक्टरांचा निर्णय लिहिण्यासाठी जागा आहे.

येथे एक गोष्ट स्पष्ट केली पाहिजे, कारण नातेवाईकांच्या मनात ती शंका येते. फार्मासिस्ट स्वतः औषध बदलत नाहीत. चिठ्ठीवर लिहिलेल्या औषधाऐवजी दुसरे औषध परस्पर देण्यास औषधविषयक नियमांचीच मनाई आहे. निर्णय डॉक्टरांचा आणि जबाबदारीही डॉक्टरांची. दुसरीकडे, फार्मासी कौन्सिलने २०१५ साली केलेल्या व्यवसाय-नियमांनी चिठ्ठीचा आढावा घेणे आणि रुग्णाला समजावून सांगणे हे फार्मासिस्टचे कर्तव्य मानले आहे. याच दृष्टीने आपल्या देशात २००८ पासून फार्म. डी. हा सहा वर्षांचा अभ्यासक्रम सुरू झाला. त्याचे शेवटचे संपूर्ण वर्ष प्रत्यक्ष रुग्णालयातील अनुभवाचे असते. म्हणजे शिक्षण आहे, नियम आहे; उणीव आहे ती अशा शिक्षित व्यक्तीला रुग्णाशेजारी बसवणाऱ्या जागांची.

आता पिवळ्या कागदांवर काय असते, ते पाहू. आपणांपैकी अनेकांच्या घरी मधुमेह आहे, तेव्हा ही माहिती केवळ अहवालापुरती राहू नये, अशी आमची इच्छा आहे.

सर्वांत महत्त्वाचा विषय मूत्रपिंडाचा. मेटफॉर्मिन हे मधुमेहाचे जुने, स्वस्त आणि गुणकारी औषध. ते मूत्रपिंडावाटे बाहेर पडते, म्हणून मूत्रपिंड दुबळे झाल्यास त्याची मात्रा कमी करावी लागते किंवा ते थांबवावे लागते. मूत्रपिंडाची गाळण्याची क्षमता ३० च्या खाली गेल्यास हे औषध देऊ नये, आणि ३० ते ४५ या टप्प्यात ते नव्याने सुरू करू नये, असे अमेरिकेच्या औषध प्रशासनाने २०१६ साली स्पष्ट केले. जे आधीपासून घेत असतील त्यांची मात्रा या टप्प्यात सामान्यतः निम्म्यावर आणतात. अडचण अशी की प्रयोगशाळेच्या कागदावर बहुतेक वेळा केवळ क्रिएटिनिनचा आकडा असतो. हा आकडा १.४ असेल तर ३० वर्षांच्या पुरुषात गाळण्याची क्षमता साधारण ७० निघते. तोच १.४ हा आकडा ७५ वर्षांच्या स्त्रीच्या अहवालावर असेल, तर क्षमता ४० च्याही किंचित खाली असते. कागदावरचा आकडा एकच, अर्थ मात्र अगदी वेगळा. वय आणि लिंग लक्षात घेऊन हे गणित करणे व ते पिवळ्या कागदावर ठळक अक्षरांत लिहिणे, हे फार्मासिस्टचे नित्याचे काम आहे. त्यातच गुडघेदुखीसाठी दुकानातून स्वतःच घेतलेली वेदनाशामक गोळी, रक्तदाबाची काही औषधे आणि लघवी वाढविणारी गोळी ही तिन्ही एकत्र आली, तर मूत्रपिंडावरील ताण वाढतो. वेदनाशामक गोळी कोणत्याच चिठ्ठीवर नसते. ती सापडते फक्त पिशवीत.

दुसरा विषय साखर उतरण्याचा. वाढलेल्या साखरेची भीती सर्वांना असते. उतरलेल्या साखरेकडे तितके लक्ष जात नाही. रक्तातील साखर ७० च्या खाली गेली की घाम, थरथर, धडधड सुरू होते. ती आणखी उतरल्यास भान हरपते, झटके येऊ शकतात, प्राणावरही बेतते. सल्फोनिलयुरिया गटातील गोळ्या स्वस्त आणि परिणामकारक आहेत; परंतु वयस्कर माणसांत, विशेषतः मूत्रपिंड दुबळे असल्यास, त्यांचा अंमल लांबतो. याच गटातील ग्लिबेनक्लामाइड हे जुने औषध वृद्धांना शक्यतो देऊ नये, असा जाणकारांचा सल्ला आहे. एखादे जंतुनाशक किंवा बुरशीवरचे औषध नव्याने सुरू झाल्यानेही या गोळ्यांचा परिणाम अनपेक्षितपणे वाढू शकतो. आपल्याकडे याला उपवासांचीही जोड आहे. एकादशी, चतुर्थी, नवरात्र, चातुर्मासातील नेम, रमजानचे रोजे या काळात जेवणाच्या वेळा बदलतात, गोळीची वेळ मात्र बदलत नाही. रुग्ण हे डॉक्टरांना सांगायला संकोचतात, कारण 'उपवास करू नका' असे उत्तर येईल ही धास्ती असते. फार्मासिस्ट भगिनींशी बोलताना ते सहज बोलून जातात. त्यावरून डॉक्टर गोळीची वेळ, मात्रा किंवा प्रसंगी औषधच बदलून देतात.

तिसरा विषय एकाच औषधाच्या अनेक नावांचा. एकाच मूळ औषधाच्या गोळ्या आपल्या बाजारात अनेक व्यापारी नावांनी मिळतात. शिवाय दोन-तीन औषधे एकाच गोळीत घातलेली असतात आणि नावापुढे अंक-अक्षरांची शेपटी असते. एका वर्षी सत्तरी ओलांडलेल्या एका आजींना त्यांच्या सूनबाई आपल्या विभागात घेऊन आल्या. आजी पहाटे उठून असंबद्ध बोलत, कपडे घामाने भिजत. वयाचा परिणाम असे समजून घरच्यांनी महिनाभर सोसले होते. न्यूमोनियासाठी मोठ्या शहरातील एका रुग्णालयात राहून त्या घरी परतल्या होत्या आणि तेथून आलेल्या गोळ्या त्यांनी आधीच्या गोळ्यांच्या जोडीला सुरू केल्या होत्या. नावे वेगळी, रंग वेगळे, पाकिटे वेगळी; आत मात्र दोन्हीकडे ग्लिमेपिराइडच. पिशवी टेबलावर ओतल्यावर हे काही मिनिटांत ध्यानात आले. डॉक्टरांनी एक गोळी बंद केली, दुसरीची मात्रा कमी केली आणि आठवड्याने पुन्हा बोलाविले. त्या आठवड्यात आजींची पहाट शांत गेली. सूनबाईंनी त्या वेळी काढलेले उद्गार आमच्या स्मरणात आहेत. त्या म्हणाल्या, "आम्ही तर दोन्ही गोळ्या अगदी वेळेवर देत होतो." त्यांनी चोख काळजी घेतली होती. म्हणूनच केवळ काळजी पुरेशी नसते, हे आम्हांला या प्रसंगातून विशेष जाणवले.

चौथा विषय इन्सुलिनच्या सुईचा. आपल्याकडे इन्सुलिनच्या पुष्कळ बाटल्यांत एका मिलिलिटरमध्ये ४० युनिट असतात, तर काही बाटल्यांत आणि पेनच्या काडतुसांत १०० युनिट असतात. दोन्हींसाठी वेगवेगळ्या सिरिंज आहेत; ४० ची लाल टोपणाची, १०० ची नारिंगी टोपणाची. १०० युनिटांचे इन्सुलिन चुकून ४० च्या सिरिंजमध्ये २० च्या खुणेपर्यंत भरले, तर शरीरात २० ऐवजी ५० युनिट जातात. उलट झाले, तर २० ऐवजी केवळ ८. चिठ्ठी निर्दोष असूनही मात्रा अडीचपट होऊ शकते, हे ऐकून आम्ही स्वतः कागदावर हिशेब करून पाहिला. त्यामुळे आता आपल्या डॉक्टरांच्या चिठ्ठीवर इन्सुलिनच्या नावासोबत त्याची तीव्रता आणि सिरिंजचा प्रकारही लिहिला जातो. फार्मासिस्टनी सुचविलेली ही दुरुस्ती सर्व डॉक्टरांनी स्वीकारली.

पाचवा विषय जरा निराळा आहे. फार्मासिस्ट म्हणजे औषधे कमी करणारी व्यक्ती, असा समज होऊ नये. जे औषध असायला हवे आणि राहून गेले आहे, तेही पिवळ्या कागदावर येते. चाळिशी ओलांडलेल्या बहुतेक मधुमेही रुग्णांना हृदयाच्या रक्षणासाठी स्टॅटिन गटातील गोळीचा विचार करावा लागतो. लघवीतून प्रथिने जात असतील आणि रक्तदाब वाढलेला असेल, तर मूत्रपिंडाचे रक्षण करणारी विशिष्ट औषधे लागतात. वर्षानुवर्षे मेटफॉर्मिन घेणाऱ्यांत ब-१२ जीवनसत्त्व कमी होऊ शकते, आणि पायांच्या मुंग्या या नेहमीच मधुमेहामुळे असतात असे नाही. हृदय दुबळे असलेल्या रुग्णास पायोग्लिटाझोन टाळावे लागते. याउलट, डापाग्लिफ्लोझिनसारखे औषध अशाच रुग्णांस उपकारक ठरते. एके काळी ते महाग होते. २०२० साली त्याच्या एकाधिकाराची मुदत संपल्यानंतर ते अनेक कंपन्यांकडून पुष्कळ स्वस्तात मिळू लागले. कोणते औषध कोणत्या किमतीस उपलब्ध आहे, त्याच गुणाचे स्वस्त औषध जनऔषधी केंद्रात मिळते का, ही माहिती डॉक्टरांना जागच्या जागी मिळते. रुग्णाला परवडणारे औषधच रुग्ण नियमित घेतो, हे आपण सर्व जाणतो.

प्रारंभी आपल्या काही मानद डॉक्टरांच्या मनात या व्यवस्थेविषयी साशंकता होती. आपल्या चिठ्ठीवर कोणी खुणा कराव्यात हे कोणासही एकदम रुचत नाही. शिवाय रुग्णाचा विश्वास डळमळीत होईल, अशीही रास्त भीती होती. म्हणून दोन नियम ठरले. पिवळा कागद रुग्णाच्या हाती द्यायचा नाही, आणि फार्मासिस्टनी रुग्णापुढे औषधावर टीका करायची नाही. तिसरी गोष्ट नियमाने आली नाही, ती सहवासाने आली. पुष्कळदा डॉक्टर सूचना अमान्य करतात आणि कारण लिहितात. ऐंशी वर्षांच्या एका गृहस्थांची तीन महिन्यांची सरासरी साखर आठच्या थोडी वर होती. मात्रा वाढवावी का, असे फार्मासिस्टनी लिहिले. डॉक्टरांनी खाली उत्तर लिहिले: 'एकटे राहतात. रात्री साखर उतरल्यास शेजारी कोणी नाही. याच आकड्यावर ठेवू.' अशी उत्तरे फार्मासिस्टनी एका वहीत जपून ठेवली आहेत. पाठ्यपुस्तकातील मर्यादा आणि समोरचा माणूस यांतील अंतर त्या वहीत दिसते. आज तेच साशंक डॉक्टर कागद आला नाही तर विचारणा करतात.

ही कल्पना काही आमच्या डोक्यातून निघालेली नाही. अमेरिकेतील नॉर्थ कॅरोलायना राज्यात ॲशव्हिल नावाचे शहर आहे. तेथे १९९६ साली नगर प्रशासनाने आपल्या मधुमेही कर्मचाऱ्यांसाठी गावातील फार्मासिस्टची मदत घेण्यास सुरुवात केली. फार्मासिस्ट कर्मचाऱ्यांना ठरावीक काळाने भेटत, औषधांचा आढावा घेत आणि गरजेनुसार डॉक्टरांना कळवीत. पाच वर्षांपर्यंतच्या अनुभवाचे निष्कर्ष २००३ साली प्रसिद्ध झाले. हिशेबनिसाच्या दृष्टीने ते लक्षणीय आहेत. औषधांवरचा खर्च वाढला. परंतु डॉक्टरांच्या भेटी व रुग्णालयातील वास्तव्य यांवरचा खर्च त्याहून अधिक घटला, आणि एकूण वैद्यकीय खर्च दरडोई वर्षाला सरासरी १,२०० ते १,८७२ डॉलरांनी कमी झाला. त्या पाहणीत तुलनेसाठी वेगळा गट नव्हता, ही तिची मर्यादा सांगणे प्रामाणिकपणाचे ठरेल. इंग्लंडमध्ये मात्र ७२ दवाखान्यांत तुलनेसह अभ्यास झाला आणि तो २०१२ साली प्रसिद्ध झाला. तो केवळ मधुमेहापुरता नव्हता. ज्या दवाखान्यांना संगणकावरील माहितीसोबत फार्मासिस्टची मदत मिळाली, तेथे धोकादायक औषधयोजनेचे प्रमाण सहा महिन्यांनी नुसती संगणकीय माहिती मिळालेल्या दवाखान्यांपेक्षा कमी आढळले. नोंदी दाखविणारे यंत्र दोन्हीकडे होते. फरक पडला तो त्या नोंदी घेऊन डॉक्टरांशी बोलणाऱ्या माणसामुळे.

आता आम्ही आमच्या मूळ विषयाकडे, म्हणजे पैशांकडे येतो. आपल्या रुग्णालयाच्या औषध दुकानाचा नफा हा संस्थेच्या उत्पन्नाचा एक आधार आहे. पिवळ्या कागदामुळे एखादी गोळी बंद होते, महागाच्या जागी स्वस्त येते, तेव्हा आपल्याच दुकानाची विक्री घटते. म्हणजे आपण वेतन देऊन आपलाच गल्ला कमी करवून घेतो, असा प्रश्न विश्वस्त मंडळाच्या एका बैठकीत विचारला गेला. तो विचारणाऱ्यांचे आम्ही मनापासून आभार मानतो, कारण त्याचे उत्तर शोधताना आम्हांला या कामाचा अर्थ नीट उमगला. औषध विकणे आणि औषधाचा विचार करणे ही दोन वेगळी कामे आहेत. पहिल्याची पावती फाडता येते. दुसऱ्याची येत नाही. आजी पहाटे बेशुद्ध होऊन अतिदक्षता विभागात आल्या असत्या, तर त्याचे देयक झाले असते आणि ते आमच्या उत्पन्नात दिसले असते. त्या आल्या नाहीत, म्हणून काहीच दिसत नाही. नफ्यासाठी चालणाऱ्या संस्थेला हे परवडणे कठीण आहे. धर्मादाय संस्थेची स्थापनाच मुळी अशा न दिसणाऱ्या कामांसाठी झालेली असते.

यात एक कायद्याचा धागाही आहे. मुंबई उच्च न्यायालयाने २००६ साली मान्य केलेल्या योजनेनुसार धर्मादाय रुग्णालयांना १० टक्के खाटा निर्धन रुग्णांसाठी मोफत आणि १० टक्के दुर्बल घटकांसाठी सवलतीच्या दराने राखून ठेवाव्या लागतात, आणि एकूण देयकांच्या २ टक्के रक्कम निर्धन रुग्ण निधीत वर्ग करावी लागते. निर्धन रुग्णांच्या औषधांचा खर्च खरेदी किमतीने याच निधीतून भागतो. म्हणजे अनावश्यक गोळीवर गेलेला प्रत्येक रुपया हा दुसऱ्या एखाद्या निर्धन रुग्णाच्या वाट्याचा असतो. पिवळ्या कागदामुळे जो पैसा वाचतो तो आपल्या तिजोरीत पडत नाही, पण त्या निधीत राहतो, हे सांगताना आम्हांला समाधान वाटते.

आजची वस्तुस्थिती अशी. फार्मासिस्टचे हे एकमेव पद एका दात्या कुटुंबाच्या तीन वर्षांच्या देणगीतून चालते. त्या कुटुंबाच्या इच्छेनुसार आम्ही त्यांचे नाव घेत नाही. त्यांचे ऋण मात्र जाहीरपणे मानतो. ती मुदत येत्या वर्षात संपते. हे टेबल आठवड्यातून दोन दिवस, म्हणजे मधुमेह विभाग असतो त्याच दिवशी चालते. इतर दिवशी येणाऱ्या मधुमेही रुग्णांना, आणि हाडांच्या किंवा डोळ्यांच्या विभागात दाखल असलेल्या मधुमेही रुग्णांना, त्याचा लाभ मिळत नाही. वास्तविक शस्त्रक्रियेसाठी दाखल होताना आणि घरी जाताना औषधे सर्वाधिक बदलतात आणि घोटाळाही तेव्हाच अधिक होतो. म्हणून प्रशासनाने मंडळापुढे तीन प्रस्ताव ठेवले आहेत. विद्यमान पद कायमस्वरूपी निधीच्या व्याजातून चालावे, हा पहिला. आंतररुग्ण विभागासाठी आणखी एक पद निर्माण व्हावे, हा दुसरा. तिसरा प्रस्ताव असा, की निर्धन मधुमेही रुग्णांची क्रिएटिनिन व लघवीतील प्रथिनांची चाचणी वर्षातून किमान एकदा विनामूल्य व्हावी. कारण त्या आकड्याविना मूत्रपिंडाचे गणित मांडताच येत नाही. हे प्रस्ताव मंजूर व्हावेत की नाही, हे मंडळ ठरवील. निधी उभा राहिला नाही तर पुढील वर्षी हे टेबल उचलावे लागेल. ही गोष्ट आम्ही आपणांपासून लपवून ठेवू इच्छित नाही.

रुग्णांच्या नातेवाईकांना एक विनंती. तपासणीस येताना घरातील सर्व औषधे एका पिशवीत घालून आणा. चिठ्ठीवरची, दुकानातून आपणहून घेतलेली, वैद्यांची, काढे-चूर्णे, शेजाऱ्यांनी दिलेली, संपत आलेली आणि बंद केलेलीसुद्धा. नावे पाठ करण्याची गरज नाही. गोळ्या चुकल्या असतील तर तसे सांगा. येथे कोणी रागावणार नाही. उपवास असेल तर आधी कळवा. दीर्घकाळ अंमल करणारी गोळी चुरून देऊ नका. इन्सुलिनची न उघडलेली बाटली शीतकपाटात ठेवा, पण बर्फाच्या कप्प्यात नको. शीतकपाट नसल्यास ओल्या माठाच्या गारव्यात, पाणी न लागेल अशी ठेवा. आणि दुसऱ्या रुग्णालयातून घरी आल्यावर जुन्या गोळ्यांचे काय करायचे, हे विचारल्यावाचून कोणतीही गोळी सुरू करू नका.

सभ्य स्त्री-पुरुषहो, या संस्थेच्या संस्थापकांनी इमारत बांधली, नंतरच्या पिढीने यंत्रे आणली. त्या दोन्हींवर दात्यांच्या नावांच्या पाट्या आहेत आणि त्या असायलाच हव्यात. फार्मासिस्टच्या टेबलावर पाटी लावण्याइतकी जागा नाही. जी देणगी तेथे पोहोचते तिचे फळ म्हणजे न आलेला झटका, न बिघडलेले मूत्रपिंड, आणि घरच्या माणसाला शांतपणे ओळखणारी एखादी आजी. अशा देणगीसाठी आपण पुढे याल, असा आम्हांस विश्वास वाटतो.